दार, कडी आणि नियमांची वही: न्हावा-शेव्याहून दिसणारा जगाचा व्यापार

प्रश्न ऐरोलीत राहणाऱ्या, अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "चीन, भारत, ब्राझील, इंडोनेशिया अशा मोठ्या उदयोन्मुख अर्थव्यवस्था जगाची आर्थिक घडी खरंच बदलतात का, की अमेरिका-युरोपने आखलेल्या मैदानातच खेळतात? पुस्तकांत दोन्ही बाजूंचे उतारे मिळतात. रोज आयात-निर्यात करणाऱ्यांना काय दिसतं?"

मी कस्टम ब्रोकर आहे. जुनी मंडळी अजून सीएचए म्हणतात. १९९८ पासून न्हावा-शेवा बंदरात माल सोडवायचं आणि चढवायचं काम करते. ऑफिस वाशीत, पण निम्मं आयुष्य करळ फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गेलं. सिद्धान्त तुमच्या प्राध्यापकांकडून घ्या, मी कागद दाखवते. त्या कागदांवरून माझं मत असं झालंय की हे देश जगाला हलवतात ते मुख्यतः आपल्या दाराच्या कडीने. दार लावलं की दूरदूरच्या घरांत वारा थांबतो. नियमांची वही मात्र अजून बरीचशी दुसऱ्यांच्या कपाटात आहे. ती वही स्वतः लिहायची पुरती तयारी सध्या एकट्या चीनने केली आहे, आणि भारताने चार-दोन पानं लिहून पाहिली आहेत.

आधी कडीचं सांगते. २०२३ च्या डिसेंबरमधली गोष्ट. ७ तारखेला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, ८ तारखेपासून लागू. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलंच होतं, त्यामुळे बाजारात कुजबुज होती, पण एका रात्रीत दार लागेल असं कुणी धरलं नव्हतं. माझ्या नाशिककडच्या एका पार्टीचे, म्हणजे निर्यातदार गिऱ्हाइकाचे, चार रीफर (थंड हवेचे) कंटेनर कोलंबोला निघाले होते. त्यांतल्या दोन कंटेनरचा माल कस्टमच्या ताब्यात जाऊन सिस्टीमला नोंद झालेली, ते अधिसूचनेतल्या सवलतीत बसले आणि गेले. उरलेले दोन शिळफाट्याच्या कोंडीत उभे. फरक फक्त काही तासांचा. ते मागे वळवून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला उतरवले, आणि तेही त्या आठवड्यात, जेव्हा सगळ्यांचाच अडकलेला माल तिथे उतरत होता. भाव काय मिळाला असेल ते सांगायला नको.

कोलंबोच्या खरेदीदाराला फोन मी केला, कारण पार्टीची हिंमत होईना. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. "पुढच्या वर्षीपासून निम्मी ऑर्डर कराचीला ठेवतो," एवढंच म्हणाला.

बंदी योग्य होती की नाही हा वेगळा वाद आहे. त्यात शहरातल्या गिऱ्हाइकाची बाजू आहे, शेतकऱ्याची आहे, निवडणुकीचीही आहे. तुमच्या प्रश्नापुरतं पाहायचं तर दिल्लीत एक कागद निघाला आणि ढाका, कोलंबो, दुबई, क्वालालंपूर इथल्या बाजारांत लोक दुसरा कांदा शोधू लागले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यात दर आणि शुल्क मागे राहिलं, आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर त्या खरेदीदारांना पाकिस्तान, इजिप्त, चीनच्या मालाची सवय लागायला भरपूर वेळ मिळाला होता.

कांदा हा तसा लहान मामला. तांदूळ बघा. जगाच्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढरा तांदूळ थांबवला. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा तांदूळ दर निर्देशांक १५ वर्षांतल्या सर्वांत वरच्या पातळीला गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला फिलिपाइन्स सरकारने तिथल्या किरकोळ तांदळाच्या भावाला कमाल मर्यादा घातली. हा तांदूळ जास्त करून आंध्रातल्या काकीनाड्याहून जातो, त्यामुळे आमच्याकडे त्याची थेट झळ कमी होती. पण त्या काळात एक गोष्ट पाहिली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. भूतान, मॉरिशस, सिंगापूर, नेपाळ, फिलिपाइन्स अशा देशांना सरकारी पातळीवरच्या विनंतीवरून ठरावीक कोटा सोडण्यात आला, एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत. म्हणजे जो माल व्यापारी व्यापाऱ्याला फोनवर विकत होता, तो राजदूतांच्या बोलण्यात गेला. कुणाला किती टन, हे नात्यावर ठरू लागलं. जागतिक घडी बदलणं म्हणतात ते याला, निदान माझ्या धंद्यात तरी.

आणि असं करणारे आपण एकटे नव्हे. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तीन-साडेतीन आठवडे. खाद्यतेल आयातीत भारत जगात पहिला. वाशीच्या किराणा बाजारात त्या दिवसांत फोन थांबत नव्हते. गंमत अशी की इंडोनेशियाला नावं ठेवणं चालू असतानाच १३ मे ला आपण गहू बंद केला. स्वतःच्या कडीचा आवाज स्वतःला कमी ऐकू येतो!

इंडोनेशियाची दुसरी बंदी मात्र वेगळ्या जातीची, ती नीट समजून घ्या. निकेलच्या खनिजाची. जानेवारी २०२० पासून कच्चं निकेल बाहेर न्यायचं नाही, पाहिजे तर इथे भट्टी उभी करा. चिनी कंपन्या तिथल्या सुलावेसी बेटावर येऊन भट्ट्या उभ्या करून बसल्या. त्यातून स्टेनलेस स्टील निघालं, आणि काही वर्षांत ते आमच्या कळंबोलीच्या लोखंड बाजारापर्यंत आलं. युरोपियन युनियनने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला. इंडोनेशियाने अपील केलं. आता अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून ठेवल्या आहेत. कोर्टात न्यायाधीशच नाही, आणि अपील मात्र दाखल! निकाल लटकला, भट्ट्या चालू. भारतानेही साखरेच्या अनुदानाच्या प्रकरणात हेच केलं. नियम मोडायचे नाहीत, नियमांचं घड्याळ थांबवायचं. कोर्ट मोडलं अमेरिकेने, फायदा उचलला उदयोन्मुख देशांनी. दोष कुणा एकाच्या पदरात टाकता येत नाही.

इथवर वाचून वाटेल की मग सत्ता आपल्याकडेच आली की! म्हणून एक शिपिंग बिल (माल बाहेर पाठवताना कस्टमला भरून द्यायचा कागद) आणि त्यासोबतचे कागद समोर ठेवते. एकेक रकाना बघा.

पहिला एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आकडा. कांदा असेल तर ०७०३१०. हे पहिले सहा आकडे ब्रुसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, पुढचे दोन आपले. जहाज: बहुधा डॅनिश, स्विस, फ्रेंच किंवा चिनी लाइनचं. मोकळा कंटेनर: चीनमध्ये बनलेला. जगातले ९० टक्क्यांहून जास्त कंटेनर तिथेच बनतात, आणि २०२१ मध्ये रिकामा डबा मिळवण्यासाठी आम्ही ज्या विनवण्या केल्या त्या मी विसरणार नाही. टर्मिनल: बहुधा दुबईच्या कंपनीचं, सिंगापूरच्या कंपनीचं किंवा डॅनिश समूहाचं, कुठे लागलं त्यावर. जहाजाचा दायित्व विमा: जगाच्या समुद्री जहाजांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास टनेज एका डझन विमा क्लबांच्या गटाखाली येतं आणि त्या गटाचं बसणं-उठणं लंडनचं. युक्रेन युद्धामुळे डिसेंबर २०२२ मध्ये रशियन तेलाला बॅरलमागे ६० डॉलरची मर्यादा घातली, तेव्हा पश्चिमेने एकही युद्धनौका पाठवली नाही. जास्त भावाच्या तेलाला विमा आणि जहाज मिळणार नाही, एवढंच सांगितलं. वही ज्याच्याकडे असते त्याला आवाज चढवावा लागत नाही.

मग चलनाचा रकाना. याच्यावर थोडं थांबते, कारण पार्ट्या सगळ्यात जास्त हेच विचारतात: "ताई, आता रुपयात घेता येतात म्हणे पैसे. घेऊ का?"

येतात. ११ जुलै २०२२ ला रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांना इथे खास रुपया व्होस्ट्रो खाती उघडायला वाट करून दिली. साध्या भाषेत, रशियाची बँक आपल्या बँकेत रुपयांचं खातं ठेवते, आपण तेलाचे रुपये त्यात टाकतो, ती त्यातून आपल्या निर्यातदाराला पैसे देते. कल्पना सरळ आहे. अडचण हिशोबाची. युद्धाआधी आपल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता, तो २०२३ मध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. आपण रशियाला विकतो ते त्या मानाने चिमूटभर. मे २०२३ मध्ये गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह पत्रकारांना उघडच म्हणाले की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे.

चलनाचं सगळं इंगित त्या तक्रारीत आहे. समोरचा तुमचे रुपये कधी घेतो? त्या रुपयांनी घ्यावंसं वाटेल असं तुमच्याकडे पुरेसं काही असेल, किंवा ते तिसऱ्याला सहज देऊन टाकता येत असतील, तेव्हाच. डॉलर घेणाऱ्याला हा विचारच करावा लागत नाही. माझा नाशिकचा कांदा श्रीलंकेत जातो, मधे अमेरिकेचा काही संबंध नाही, तरी इन्व्हॉइस डॉलरमध्ये. कोलंबोचा माणूस आणि नाशिकचा माणूस, दोघांनाही दुसऱ्याच्या चलनाची खात्री नाही, डॉलरची आहे. जगात परकीय चलनाचे १०० व्यवहार झाले तर सुमारे ८८-८९ मध्ये एका बाजूला डॉलर असतो. देशांच्या गंगाजळीत डॉलर निम्म्याहून बराच जास्त, युआन दोन टक्क्यांच्या आसपास. चीन आपल्यापेक्षा कितीतरी जास्त विकतो, २०१५ मध्ये त्याने पैसे फिरवायची स्वतःची यंत्रणाही उभी केली, तरी युआन अडतो, कारण चीन आपल्या भांडवलाचं दार पूर्ण उघडत नाही. कडी हातात ठेवायची आणि आपलं चलन जगभर मोकळं फिरावं असंही म्हणायचं, हे दोन्ही जमत नाही. पार्टीला मी सांगते: दुबईच्या खरेदीदाराशी रुपया-दिरहॅमचा विचार करून बघा, तिथे दोन्ही बाजूंनी व्यापार भरपूर आहे. बाकीच्यांशी डॉलरच बरा.

पुढचा कागद, प्रमाणपत्रांचा. याचं उत्तम उदाहरण वाशीतच आहे. अमेरिकेला जाणारा हापूस इथल्या विकिरण केंद्रातून जातो, किमान ४०० ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते. त्या कामावर देखरेख करायला अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक इथे येऊन बसतो, आणि त्याचा खर्च आपल्या बाजूने भरला जातो. २०२० च्या हंगामात करोनामुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत तर आंबाच गेला नाही, थेट २०२२ मध्ये परत सुरू झाला. २००७ मध्ये हे दार उघडलं तेव्हा बदल्यात हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींना इथलं दार उघडलं होतं. आंब्याच्या पेटीला केवढं राजकारण चिकटलेलं असतं!

कुणी म्हणेल, ही गुलामगिरी झाली. मला तसं वाटत नाही. ज्याच्या बाजारात जायचंय त्याची अट मानावी लागते, आणि आता ती अट आपणही घालायला शिकलोय. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं झालं. परदेशी कारखान्याला ते हवं असेल तर आपल्या निरीक्षकांनी तिथे जाऊन कारखाना तपासायचा, खर्च त्या कारखान्याचा. आंब्याचाच न्याय, फक्त उलटा. माझ्याकडे चिनी खेळणी आणणाऱ्या तीन पार्ट्या होत्या, दोघांनी धंदा बदलला. पोलाद, रसायनं, प्लास्टिकचा कच्चा माल, यांवर असे गुणवत्ता आदेश एकामागून एक आले. मग ठाणे-बेलापूर पट्ट्यातले लहान कारखानदार ओरडू लागले की आमचाच कच्चा माल अडतोय, आणि २०२५ च्या अखेरीस काही पॉलिमर आणि धाग्यांच्या मालावरचे आदेश मागे घेतले गेले. वही लिहायला घेतली की कळतं, चुकीचा नियम आधी आपल्याच माणसाला बोचतो.

नियमांच्या वहीत भारताने खरोखर हात घातला असा एक प्रसंग माझ्या रोजच्या कामाशी जोडलेला आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये बालीला व्यापार सुलभीकरणाचा करार ठरला: बंदरावरचे कागद कमी करा, माल लवकर सोडा. आम्हा ब्रोकरांना तो हवाच होता. फाईल घेऊन टेबलामागून टेबल फिरण्यात आमचे बूट झिजले होते. आणि जुलै २०१४ मध्ये भारताने त्याच कराराला अडवून धरलं! म्हणणं असं की रेशनसाठी सरकार हमीभावाने धान्य साठवतं, त्या साठ्याला नियमभंग म्हणणार नाही याची पक्की हमी आधी द्या. जगभरच्या वर्तमानपत्रांनी भारताला अडेलतट्टू म्हटलं. मीसुद्धा त्या वेळी वैतागले होते. नोव्हेंबरमध्ये तोड निघाली: कायमचा तोडगा निघेपर्यंत या साठ्यांवर खटला नाही. करार पुढे सरकला आणि २२ फेब्रुवारी २०१७ ला अमलात आला. २०१६ पासून इथे सिंगल विंडो (सगळ्या खात्यांची मंजुरी एकाच ऑनलाइन खिडकीतून) आहे, थेट बंदरातून माल उचलण्याची सोय वाढली, आणि माझी मुलं (ऑफिसातली) आता दिवसभर कस्टम हाउसमध्ये नसतात. कायमचा तोडगा मात्र अजून निघालेला नाही. अडवणं जमलं, पण पुढचं कलम लिहून घेणं जमलं नाही. भारताच्या ताकदीचं माप मला या एका गोष्टीत दिसतं.

याला सगळ्यात मोठा अपवाद औषधांचा, आणि त्याबद्दल मी जरा भाबडी आहे हे कबूल करते. १९७० च्या पेटंट कायद्याने आपण औषधाच्या रेणूला पेटंट द्यायचं नाकारलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला दिलं. त्याच्या आधारावर जी कारखानदारी वाढली, तिचा एक मोठा तुकडा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे. तीस वर्षांनी त्याचं काय झालं ते बघा. एड्सवरच्या तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला माणशी दहा हजार डॉलरच्या वर खर्च यायचा. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने तोच उपचार एका मदत संस्थेला वर्षाला ३५० डॉलरने देऊ केला, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. त्याच सुमारास ब्राझील आपल्या रुग्णांना ही औषधं फुकट देऊन दाखवत होता, आणि दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या ३९ कंपन्यांनी एप्रिलमध्ये खटला मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोह्यात जागतिक व्यापार संघटनेला लिहून द्यावं लागलं की सार्वजनिक आरोग्यासाठी देश पेटंटला बाजूला सारू शकतात. एकाचा कारखाना, दुसऱ्याचं सरकारी धोरण, तिसऱ्याचा कायदा. तिघांच्या कामाचा जोर एकाच जागी पडला आणि वहीत ओळ उमटली. अशी जुळणी नंतर फारशी झाली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने कोविडसाठी पेटंटची सूट मागितली, तिचं उत्तर यायला जून २०२२ उजाडला आणि हाती आलं ते फार तोकडं.

शिवाय याच गोष्टीला एक शेपूट आहे. महापे-रबाळ्याच्या औषध कारखान्यांसाठी मी जे ड्रम सोडवते, त्यांतला कच्चा माल बहुतांश चीनचा. भारत आयात करतो त्या औषधी द्रव्यांपैकी सुमारे ७० टक्के तिथून येतात. मार्च २०२० मध्ये चीनमधले कारखाने बंद पडले तेव्हा आपण २६ औषधं आणि द्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. आपल्या कडीची किल्ली शेजाऱ्याकडे असल्यासारखं झालं ते.

म्हणून "उदयोन्मुख अर्थव्यवस्था" या एका टोपलीत चीनला घालू नका, असं मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या (जोरदार चुंबकं बनवायला लागणारे धातू) आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला. बंदी घातली नाही, परवाना लावला, हा फरक बघा. माझ्या एका पार्टीला मोटारीच्या सुट्या भागासाठी असं चुंबक हवं होतं. पुरवठादाराने फॉर्म पाठवला: माल कशात वापरणार, शेवटचं गिऱ्हाईक कोण, लष्करी कामाला जाणार नाही याची हमी, सही-शिक्का. मी हसले, कारण असेच फॉर्म मी अमेरिकी मालासाठी वर्षानुवर्षं भरून घेतलेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने पुढची पायरी जाहीर केली: परदेशात बनलेल्या वस्तूतही या चिनी द्रव्यांची किंमत ०.१ टक्का असली तर परवाना घ्या. अमेरिका चिप्सच्या बाबतीत हेच करत आली आहे. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेशी बोलणी होऊन ती पायरी वर्षभरासाठी स्थगित झाली, पण मसुदा टेबलावर आहे. कांद्याची बंदी आणि हा परवाना यांत जमीन-अस्मानाचा फरक. कांद्याला कराची पर्याय आहे. चुंबकाला नाही, म्हणून तिथे दार लावायचीही गरज पडत नाही, दारात रखवालदार बसवला की पुरतं.

परिषदा आणि बँकांबद्दल तुमच्या पुस्तकांत भरपूर असेल, म्हणून भराभर. ब्रिक (ब्राझील, रशिया, भारत, चीन; पुढे दक्षिण आफ्रिका आली आणि ब्रिक्स झालं) हे नाव २००१ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या एका अर्थतज्ज्ञाने गुंतवणूकदारांसाठी काढलं, देशांची पहिली शिखर परिषद २००९ ची. आता त्यात इजिप्त, इथिओपिया, इराण, अमिराती, इंडोनेशियाही आले. गट वाढला की फोटो रुंद होतो, ठराव पातळ होतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळा टक्के आहेत, म्हणजे एकटीने अडवायला पुरेशी. भारताकडे पावणेतीनच्याही आत. २०१० मध्ये ठरलेली सुधारणा २०१६ मध्ये लागू झाली, आणि २०२३ च्या फेरआढाव्यात सगळ्यांचा कोटा (वर्गणी, जिच्यावर मतं ठरतात) सारखाच वाढवायचं ठरलं, वाटे जिथल्या तिथे.

मात्र एक गोष्ट तुमच्या घराजवळची आहे. ऐरोलीच्या पुढचं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, ते ऐरोली-कळवा जोडमार्गाच्या कामातलं. त्या प्रकल्पसंचाला, ज्यात पनवेल-कर्जतही आहे, बीजिंगमध्ये मुख्यालय असलेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचं ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर आहे. सीमेवर गलवानसारखा प्रसंग घडूनही भारत या बँकेचा सर्वांत मोठा कर्जदार राहिला. भागधारकांत भारत दुसरा. आणि आता मजा: तिथे मोठ्या निर्णयाला ७५ टक्के मतं लागतात, आणि चीनकडे २६ टक्क्यांहून जास्त आहेत. नाणेनिधीतली अमेरिकेची खुर्ची चीनने मापं घेऊन बनवून घेतली. शांघायच्या ब्रिक्स बँकेत पाचही संस्थापकांचा वाटा सारखा ठेवला, कुणालाच नकाराधिकार नाही. ती बँक तुलनेने लहान राहिली, हा योगायोग आहे का, यावर तुम्ही विचार करा. माझं मत मी राखून ठेवते.

२०२५ च्या ऑगस्टचं सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. रशियन तेलाचं कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्क्यांवर आणखी २५ टक्के लावले, २७ तारखेपासून. त्याआधीच्या दोन आठवड्यांत कोळंबी आणि कपड्यांचा जो माल गेटवर लोटला, तसा मी कधी पाहिला नव्हता. सांगायचा मुद्दा, दार लावायची सवय आता फक्त आपल्यासारख्यांची राहिलेली नाही. वही लिहिणारेही कडीला हात घालू लागलेत. युरोपने तर दोन्ही एकत्र केलं: १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतांवर ती बनवताना निघालेल्या कार्बनचा हिशोब पैशांत धरायला सुरुवात झाली. तळोज्याच्या एका कारखानदाराने मला विचारलं, "मॅडम, धुराचं शिपिंग बिल कसं भरायचं?" मी अजून शिकतेय.

तुम्हाला प्रबंध करायचाय असं लिहिलंय, तर विषय मोठा घेऊ नका. कांदाच घ्या. बंदी आणि किमान दराच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, आणि शुल्काच्या अर्थ मंत्रालयाच्या, अधिसूचना तारखेनिशी मिळतात: ऑगस्ट २०२३, डिसेंबर २०२३, मे २०२४, सप्टेंबर २०२४, एप्रिल २०२५. दुसरीकडे बांगलादेश आणि श्रीलंकेची महिन्यागणिक कांदा आयात, देशवार. दोन रकाने शेजारी ठेवा आणि बंदी उठल्यावर भारताचा किती वाटा परत आला ते काढा. तो आकडा मलाही बघायचाय. कोलंबोच्या त्या खरेदीदाराची ऑर्डर आमच्याकडे परत आली, पण पूर्वी चार कंटेनर जायचे तिथे आता अडीचाचा माल जातो, आणि तो अर्धा डबा भरायला दर वेळी दुसरी पार्टी शोधावी लागते.